उड्डाण चालू असताना जॉयस्टिक निकामी झाली तर? (एलिट डेंजरस आणि त्यासारखे खेळ)

नक्षत्रवाट (धागाकर्ता)

ज्या खेळाला विराम नसतो, त्या खेळात नियंत्रणाचे उपकरण बंद पडणे ही नुसती गैरसोय राहत नाही. कर्बल स्पेस प्रोग्रॅम किंवा एक्स ४ या अवकाश-खेळांत जॉयस्टिकने ऐन वेळी साथ सोडली, तर खेळ थांबवता येतो, केबल काढून पुन्हा लावता येते आणि फारच बिघडले तर जतन केलेल्या ठिकाणापासून नव्याने सुरुवात करता येते. एलिट डेंजरस या अवकाशयान उडवण्याच्या खेळात यातले काहीच शक्य नाही. एकट्याने खेळण्याचा पर्याय निवडला असला तरी तिथला काळ कोणासाठी थांबत नाही. म्हणून या विषयावर मराठीत एक सविस्तर धागा असावा असे वाटले. माझी अडचण खाली मांडतो, पण चर्चा तेवढ्यापुरती राहू नये, ही विनंती.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी एलिट हा खेळ तयार केला. त्याच परंपरेतला एलिट डेंजरस ब्रेबन यांच्या केंब्रिज येथील फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये आणला. आपली आकाशगंगा त्यात खऱ्या आकारमानाने, सुमारे ४०० अब्ज ताराप्रणालींसह उभी केलेली आहे. आम्ही शोधमोहिमांवर जाणारे लोक वस्तीपासून फार दूर असतो. आकाशगंगेच्या केंद्राशी असलेले सॅजिटेरियस ए हे कृष्णविवर सूर्यापासून जवळपास २६,००० प्रकाशवर्षांवर आहे आणि पलीकडच्या टोकाचा बीगल पॉइंट सुमारे ६५,००० प्रकाशवर्षांवर. इतक्या दूर गेलेल्या वैमानिकाचे खरे भांडवल जहाज नसते. जहाज नष्ट झाले तर किमतीच्या ५ टक्के रक्कम भरून ते परत मिळते. वाटेत केलेली आणि अजून युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्स या खेळातल्या संस्थेला न विकलेली ताऱ्यांची व ग्रहांची नोंद मात्र कायमची जाते.

माझी मांडणी अशी आहे. उजव्या हाताला जॉयस्टिक, डाव्या हाताला थ्रॉटल (वेग कमीजास्त करण्याचा दांडा) आणि समोर बटणांची एक छोटी पेटी आहे. ही तिन्ही उपकरणे स्वतःचा ॲडॅप्टर असलेल्या एका यूएसबी हबला लावलेली आहेत आणि हब संगणकाला जोडलेला आहे. संगणक व मॉनिटर यूपीएसवर चालतात.

गेल्या पावसाळ्यापासून दोन गोष्टी घडत आहेत. अधूनमधून, बहुधा संध्याकाळी, उपकरण सुटल्याचा विंडोजचा आवाज येतो, जहाज कशालाच दाद देईनासे होते आणि काही सेकंदांनी उपकरण जोडले गेल्याचा आवाज येऊन सारे पूर्ववत होते. मागच्या खेपेस हे झाले तेव्हा जहाज एका न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतात होते. झोतातून जाऊन फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे उडी मारणारे इंजिन, भारित केले की पुढच्या उडीचा पल्ला चौपट होतो, त्यामुळे दूरचे प्रवासी हा मार्ग धरतातच. पण झोत जहाजाला घुसळून काढतो, आणि त्यात असतानाच सुपरक्रूझ (ताराप्रणालीच्या आत अतिवेगाने जाण्याची अवस्था) तुटले तर जहाजाची नासाडी फार वेगाने होते. जहाज वाचले ते उपकरणे वेळेत परत आली म्हणून. दुसरी गोष्ट अशी की, जॉयस्टिक पिळून जहाजाचे नाक डावीउजवीकडे वळवताना मध्येच जोराचा झटका बसतो, आणि आता तर हात स्थिर असतानाही बसू लागला आहे.

ही दोन्ही एकाच बिघाडाची लक्षणे आहेत का, नवी जॉयस्टिक घेण्याची वेळ आली आहे का, आणि उड्डाणात असा प्रसंग आलाच तर पहिल्या काही क्षणांत नेमके काय करावे, यावर जाणकारांनी लिहावे.


गरुडझेप

मला तरी दोन्ही लक्षणे जॉयस्टिकच म्हातारी झाल्याची वाटतात. हॉल सेन्सर (चुंबकाने हालचाल ओळखणारा भाग) असलेली चांगली जॉयस्टिक घ्यावी आणि हा विषय संपवावा. स्वस्त उपकरण दुरुस्त करण्यात वेळ घालवण्यापेक्षा ते बरे. माझी हॉल सेन्सरवाली जॉयस्टिक रोजच्या वापरात आहे आणि तिच्यात असा झटका मी कधीच अनुभवलेला नाही.


तारतंत्री

गरुडझेप यांच्या सल्ल्याशी मी निम्मा सहमत आहे, पण खरेदी करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा : नाहीसे काय झाले, अख्खे उपकरण की एकच अक्ष, म्हणजे हालचालीची एकच दिशा? मी गेली बरीच वर्षे नियंत्रण-मंडलांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि माझा अनुभव असा आहे की या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मे निदान होते. तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी माझ्या मते दोन वेगळे बिघाड आहेत. एका जॉयस्टिकवर दोन्हींचा आळ घेतला तर नवी जॉयस्टिक आल्यावरही पहिला बिघाड तसाच राहील.

आधी झटक्याविषयी लिहितो. मध्यम किमतीच्या पुष्कळ जॉयस्टिकमध्ये मागेपुढे आणि डावीउजवीकडे झुकण्याचे दोन मुख्य अक्ष चुंबकीय असतात, पण पिळण्याचा अक्ष मात्र पोटेंशिओमीटरवर चालतो. पोटेंशिओमीटरमध्ये कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावरून धातूची एक टोचणी घासत जाते. ती कुठे टेकली आहे यावरून व्होल्टेज बदलते आणि तेच वाचन संगणकाकडे पोचते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना मध्येच जी खरखर ऐकू यायची, ती याच भागातून यायची. पट्टा झिजला, त्यावर धूळ बसली किंवा टोचणी क्षणभर उचलली गेली, की वाचन एकदम टोकाला उडी मारते. खेळाला वाटते की वैमानिकाने पूर्ण पीळ दिला, आणि जहाज झटका खाते. आपण जॉयस्टिक मध्याभोवतीच सर्वाधिक हलवतो, त्यामुळे पट्टा मध्यावरच आधी झिजतो. हात स्थिर असतानाही झटका बसण्याचे कारण हेच असते.

हॉल सेन्सरमध्ये घासणारे काहीच नसते. एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवून दिलेल्या परिणामावर तो चालतो : विद्युतवाहकाजवळ चुंबकीय क्षेत्र आले की वाहकात आडवा विभव निर्माण होतो. जॉयस्टिकच्या हालचालीबरोबर चुंबक फिरतो आणि सेन्सर स्पर्शाविना त्याची दिशा ओळखतो. ही कल्पना खेळांच्या उपकरणांत नवी नाही. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही ती होती. पुढे स्वस्त पडतात म्हणून पोटेंशिओमीटरच सगळीकडे पसरले, आणि निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरची काठी आपोआप सरकत राहण्यावरून २०१९ मध्ये अमेरिकेत खटला उभा राहण्यापर्यंत गोष्ट गेली. तेव्हा झिजेच्या बाबतीत हॉल सेन्सर निःसंशय सरस आहे. फक्त खरेदी करताना पिळण्याचा अक्षही चुंबकीय आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले वर्णन अनेकदा पहिल्या दोन अक्षांपुरतेच असते.

आता पहिला बिघाड, जो मला अधिक गंभीर वाटतो. तुमची तिन्ही उपकरणे एकाच क्षणी जातात आणि एकाच क्षणी परत येतात का? तसे असेल तर तीन वेगवेगळ्या उपकरणांत एकाच वेळी बिघाड होणे जवळजवळ अशक्य आहे. दोष त्यांच्यात जे सामाईक आहे त्यात शोधावा : हब, हबपासून संगणकापर्यंतची केबल, संगणकावरचे पोर्ट, किंवा हबचा वीजपुरवठा. यूएसबी २ च्या पोर्टातून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टातून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळावा असे मानक आहे. ॲडॅप्टर नसलेला यूएसबी २ चा हब त्यातूनच सगळ्यांना वाटणी करतो आणि प्रत्येक उपकरणाच्या वाट्याला १०० मिलिअँपिअर येतात. म्हणून तुम्ही ॲडॅप्टरचा हब घेतलात हे योग्यच झाले. पण तुम्ही लिहिले आहे की संगणक आणि मॉनिटर यूपीएसवर आहेत. हबचा ॲडॅप्टर कुठे लावलेला आहे?

हे मुद्दाम विचारतो, कारण तुम्ही पावसाळा आणि संध्याकाळ या दोन्हींचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे त्या काळात वीज पूर्ण न जाता क्षणभर झुकते आणि सावरते. यूपीएसवरच्या संगणकाला ते कळतही नाही, पण भिंतीतल्या सॉकेटवरचा छोटा ॲडॅप्टर तेवढ्याने गडबडतो. हबमधील नियंत्रक चिप पुन्हा सुरू होते आणि तिच्यावर अवलंबून असलेली सगळी उपकरणे विंडोजच्या दृष्टीने सुटतात व नव्याने जोडली जातात. तपासणी सोपी आहे. खेळ बंद ठेवून विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल ही जोडलेल्या खेळ-उपकरणांची खिडकी उघडा, यादीत तिन्ही उपकरणे दिसत असताना ॲडॅप्टर सॉकेटमधून काढा आणि लगेच परत लावा. तोच आवाज, तेवढाच खंड आणि तसेच परत येणे दिसले, तर शोध संपला.


सागरवारा

मी रत्नागिरीला राहतो. वरील निदानाला जोड म्हणून खाऱ्या हवेचा मुद्दा मांडतो. आमच्याकडे यूएसबीच्या जोडणीतील धातूच्या पट्ट्यांवर काही महिन्यांत काळसर थर येतो आणि जोडणी हलल्याशिवायही क्षणभर तुटते. ज्यांचा एकच उपकरण सुटण्याचा त्रास आहे त्यांनी आधी जोडणी काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर (जोडणी साफ करण्याचा फवारा) मारून, वाळल्यावर परत लावून पाहावी. उपकरणाच्या पोटात जिथे केबल शिरते तिथे ती वारंवार वाकते आणि आतली तार बाहेरून न दिसता तुटते. जॉय डॉट सीपीएल उघडी ठेवून त्या जागी केबल हलकेच वाकवली, तर उपकरण यादीतून गायब होते का ते लगेच कळते.

तारतंत्री यांना एक विचारायचे आहे. पोटेंशिओमीटरमध्ये क्लीनर मारला तर झटके थांबतात का? आणि खेळाच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे मध्याभोवतीची दुर्लक्षित जागा, वाढवला तर?


तारतंत्री

क्लीनरने धूळ आणि थर जातो, झिजलेला पट्टा परत येत नाही. त्यामुळे सफाईनंतर आराम पडला आणि महिन्याभरात झटके परतले, तर पोटेंशिओमीटर बदलण्याची तयारी ठेवावी. क्लीनर इलेक्ट्रॉनिक कामासाठीचाच हवा. गंज सोडवण्यासाठी घरात असलेला तेलकट फवारा पोटेंशिओमीटरमध्ये मारू नये. तो आत चिकट थर ठेवतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते.

डेडझोनचा उपयोग वेगळ्या तक्रारीसाठी आहे. काठी सोडल्यावर वाचन मध्यापासून किंचित सरकलेले राहत असेल तर डेडझोन ते झाकून टाकतो. झटका मात्र थेट टोकापर्यंत जातो, म्हणून तो डेडझोन ओलांडून पलीकडे पोचतो. मध्याचा भाग मुका केल्याने अचूक नेम मात्र बिघडतो.

बदलण्याचे काम सोल्डरिंग येणाऱ्याला अवघड नाही. तीन तारा असतात. काढण्यापूर्वी त्यांचा क्रम छायाचित्र घेऊन ठेवावा. जुन्या भागावर छापलेला विद्युतरोधाचा आकडा आणि दांड्याचा आकार पाहूनच नवा घ्यावा. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक दुकानांत जुना भाग हातात घेऊन गेलेले उत्तम, कारण रोध जुळला तरी दांडा जुळत नाही असे पुष्कळदा होते. उपकरण हमीच्या मुदतीत असेल तर ते उघडू नये.


अवकाशवाचक

दोन्ही बिघाडांना खऱ्या अवकाशयात्रेत जवळचे दाखले आहेत आणि ते या चर्चेत उपयोगी पडतील असे वाटते.

पहिला १४ जानेवारी १९९४ चा. वासिली त्सिब्लियेव्ह आणि अलेक्झांडर सेरेब्रोव्ह सोयूझ टीएम-१७ यानातून रशियाचे मीर अवकाशस्थानक सोडून परत निघाले होते. परतण्याआधी त्यांना मीरच्या क्रिस्ताल या भागाची छायाचित्रे घ्यायची होती, म्हणून सोयूझ स्थानकाच्या अगदी जवळ नेण्यात आले. दूर सरकण्यासाठी त्सिब्लियेव्ह यांनी डाव्या हाताचा दांडा चालवला, तर यान दाद देईना. धडक टळत नाही असे दिसल्यावर त्यांनी उजव्या हाताच्या दांड्याने यानाची दिशा अशी सांभाळली की सौरपंखे, अँटेना आणि जोडणीची द्वारे वाचावीत. यान क्रिस्तालला दोनदा घासले. पुढे तपासात कळले की दांडा मोडलेला नव्हता. सोयूझच्या कक्षीय भागातही नियंत्रणाची सोय असते, आणि एक स्विच तिकडच्या बाजूला राहिल्याने अवतरण कक्षातला डावा दांडा बंद होता. सुदैवाने दोघेही त्याच दिवशी सुखरूप पृथ्वीवर उतरले.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक हात निकामी झाल्यावर त्यांनी दुसऱ्या हाताने जे साधता येईल ते साधले. सरकण्याचे आणि वळण्याचे नियंत्रण दोन स्वतंत्र हातांत ठेवण्याची पद्धत अमेरिकेच्या जेमिनी आणि अपोलो यानांपासून चालत आलेली आहे आणि आपल्यापैकी जे दोन जॉयस्टिक घेऊन खेळतात ते तीच मांडणी वापरतात. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक नियंत्रण हलवून पाहण्याचे मोल. एलिट डेंजरसमध्ये उड्डाणापूर्वीच्या तपासणीची सोय आहे, ज्यात जहाज निघण्याआधी नियंत्रणे हलवून दाखवावी लागतात. बहुतेक जण कंटाळून ती बंद करतात. लांबच्या मोहिमेवर निघणाऱ्यांनी ती चालू ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा दाखला जेमिनी ८ चा, १६ मार्च १९६६. नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी आपले यान एजिना या मानवरहित यानाला जोडले आणि थोड्याच वेळात जोडयान गिरक्या घेऊ लागले. दोष एजिनाचा असावा असे समजून त्यांनी ते सोडून दिले, तर गिरक्या आणखी वाढल्या आणि वेग सेकंदाला जवळपास एक फेरा इतका झाला. खरा दोष त्यांच्याच यानात होता : आठव्या क्रमांकाचा थ्रस्टर (यानाची दिशा सांभाळणारे छोटे इंजिन) चालू अवस्थेत अडकला होता. आर्मस्ट्राँग यांनी ती थ्रस्टर-यंत्रणाच बंद केली आणि परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या थ्रस्टरांनी यान स्थिर केले. त्यात त्या राखीव इंधनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग खर्च झाला, आणि नियमानुसार मोहीम आवरून त्याच दिवशी पॅसिफिक महासागरात उतरावे लागले. तुमच्या पिळण्याच्या अक्षाचा झटका हा अडकलेल्या थ्रस्टरच्याच जातीचा आहे. त्याच्याशी दुसऱ्या दिशेने काठी ओढून झगडू नये. तो अक्षच सेटिंगमधून काढून टाकावा आणि वळण्याचे काम तात्पुरते बटणांवर द्यावे. तारतंत्री यांनी दोन बिघाड वेगळे करून पाहण्याचा जो आग्रह धरला आहे, त्याचे महत्त्वही एजिनाच्या प्रसंगात दिसते.


राइनकाठ

मी जर्मनीत राहतो आणि एलिटच्या शोधमोहिमांवर बराच काळ घालवलेला आहे. बिघाडाचे निदान वर उत्तम झाले आहे, म्हणून मी फक्त खेळातल्या कृतीविषयी लिहितो.

उपकरण सुटले की खेळ त्याचे शेवटचे वाचन धरून बसतो की अक्ष मध्यावर आला असे मानतो, हे खेळागणिक बदलते. वैमानिकाने वाईटात वाईट शक्यता गृहीत धरावी, म्हणजे पूर्ण थ्रॉटल आणि चालू असलेले वळण तसेच राहणार. म्हणून पहिली कळ एक्स. एलिटच्या मूळ कीबोर्ड-मांडणीत एक्स दाबले की थ्रॉटल शून्यावर येतो. सुपरक्रूझमध्ये शून्य थ्रॉटल म्हणजे सेकंदाला ३० किलोमीटर, आणि ताऱ्यांच्या मापाने ही गती इतकी मंद आहे की विचार करायला पुरेसा अवधी मिळतो. त्याच वेळी डावा हात प्रत्यक्ष थ्रॉटललाही मागे ओढून ठेवू दे, कारण उपकरण परत जोडले गेले की ते आपल्या जागेचे वाचन पुन्हा पाठवू शकते आणि जहाज एकदम उसळू शकते.

दुसरी कळ झेड, पण ती फक्त साध्या उड्डाणात आणि फ्लाइट असिस्ट बंद असेल तरच. फ्लाइट असिस्ट चालू असताना वळण्याची आज्ञा थांबली की जहाज आपोआप स्थिर होते. बंद असताना ते तसेच फिरत राहते. जे लोक फ्लाइट असिस्ट बंद ठेवून खडकांमधून किंवा स्थानकांजवळून उडतात, त्यांच्यासाठी ही कळ जीवनदायी आहे. मात्र ती चालू आणि बंद दोन्ही करते, म्हणून घाईने दोनदा दाबू नये.

घाबरून सुपरक्रूझ तोडू नये. वेग सेकंदाला १,००० किलोमीटरपेक्षा जास्त असताना जबरदस्तीने बाहेर पडल्यास जहाजाला इजा होते, आणि ताऱ्याजवळ बाहेर पडल्यास फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह थंड होईपर्यंत उष्णतेत तिष्ठत राहावे लागते. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतात तर हे करूच नये. थ्रॉटल शून्यावर, कीबोर्डने नाक झोताबाहेरच्या दिशेला, आणि मग हलका थ्रॉटल देऊन बाहेर, असा क्रम ठेवावा. अनुभवी लोक उडीच्या बोगद्यात असतानाच थ्रॉटल शून्यावर आणतात, त्यामुळे समोर तारा उगवतो तेव्हा जहाज त्याच्यावर धावून जात नाही. ही सवय उपकरण धडधाकट असतानाही मोलाची आहे.

स्थानकाजवळ अडकलात तर डॉकिंग कॉम्प्युटर मदतीला येतो. साडेसात किलोमीटरच्या आत उतरण्याची परवानगी कीबोर्डवरूनही मागता येते, आणि परवानगी मिळाल्यावर थ्रॉटल शून्यावर आला की तो ताबा घेऊन जहाज फलाटावर उतरवतो. काही जण जागा वाचवण्यासाठी तो काढून ठेवतात. शोधमोहिमेच्या जहाजात तो असावा, असे माझे ठाम मत आहे, कारण सगळी नोंद पदरात घेऊन आलेले जहाज शेवटच्या दाराशी आपटण्यासारखे दुःख नाही.

खेळातून बाहेर पडणे हाही मार्ग आहे. जहाज धोक्यात नसेल तर लगेच बाहेर पडता येते. धोक्यात असेल तर १५ सेकंद थांबावे लागते. पण बाहेर पडल्यावर एक सापळा आहे. खेळ सुरू होताना नेमलेल्या उपकरणांपैकी एखादे जोडलेले नसेल, तर एलिट तुमची संपूर्ण बाइंडिंग-मांडणी (कोणते बटण वा अक्ष काय करतो याची यादी) बाजूला ठेवून ठरावीक मांडणी उचलतो. लोकांना वाटते की इतक्या दिवसांची मेहनत पुसली गेली. ती बहुधा फाइलमध्ये शाबूत असते. खेळ बंद करावा, उपकरण जोडावे, मग खेळ सुरू करून आपली मांडणी पुन्हा निवडावी. तरीही त्या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवावीच. विंडोजच्या लोकल ॲपडेटामध्ये फ्रंटियर डेव्हलपमेंट्स, त्यात एलिट डेंजरस, मग ऑप्शन्स आणि बाइंडिंग्ज अशा क्रमाने गेल्यावर ती सापडते.


गरुडझेप

तारतंत्री यांचे निदान पटले. हब बदलल्याशिवाय किंवा त्याची वीज सांभाळल्याशिवाय माझी जॉयस्टिकही तशीच सुटली असती, हे मान्य.

राइनकाठ यांना एक पर्याय सुचवतो. कीबोर्डऐवजी साधा गेमपॅड संगणकाला थेट लावून ठेवला तर? त्यावर अक्ष असल्याने जहाज नीट उडवता येईल.


राइनकाठ

गेमपॅडने उड्डाण अधिक सुखाचे होईल, यात शंका नाही. माझी हरकत इतकीच की बाइंडिंगच्या यादीत प्रत्येक अक्षाला एकच जागा असते. जॉयस्टिकचा अक्ष तिथे नेमला की गेमपॅडच्या अक्षाला जागा उरत नाही. त्यासाठी दुसरी स्वतंत्र मांडणी करून ऐन संकटात ती निवडावी लागते. त्याच यादीत अक्षाच्या खाली डाव्या व उजव्या वळणासाठी बटणांच्या वेगळ्या जागा असतात, आणि त्या प्रत्येकी दोन असतात. तिथे कीबोर्डच्या कळा जॉयस्टिकला धक्का न लावता कायमच्या राहू शकतात. आणि गेमपॅड मांडणीत नेमला की तोही सुरुवातीला जोडलेला असण्याच्या अटीत येतो. कीबोर्ड नेहमी जोडलेलाच असतो.

स्टार सिटिझन खेळणाऱ्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. तिथे दोन जॉयस्टिक असतील तर पहिली कोणती आणि दुसरी कोणती हा क्रम पुन्हा जोडल्यावर उलटा होऊ शकतो, आणि मग सरकण्याचे काम वळणाऱ्या हाताकडे जाते. त्यामुळे परत जोडल्यावर लगेच वेग न देता आधी प्रत्येक काठी हलकी हलवून पाहावी.


नक्षत्रवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तपासणीचे निष्कर्ष लिहितो.

हबचा ॲडॅप्टर यूपीएसवर नसून टेबलामागच्या भिंतीतल्या सॉकेटवर होता. तारतंत्री यांनी सांगितल्याप्रमाणे जॉय डॉट सीपीएल उघडी ठेवून तो काढून लगेच लावला, तर यादीतून तिन्ही उपकरणे एकदम गेली आणि त्याच दोन आवाजांसह परत आली. खात्रीसाठी ॲडॅप्टर यूपीएसवर घेऊन भिंतीवरचा यूपीएसचा स्विच बंद केला. यूपीएस बॅटरीवर गेला, शिट्टी वाजू लागली, पण तिन्ही उपकरणे जागची हलली नाहीत. त्यानंतर संध्याकाळी दिवे मिणमिणले तेव्हाही जॉयस्टिक सुटलेली नाही.

पिळण्याचा अक्ष वेगळा तपासला. काठी हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिळली, तर मध्याच्या आसपास त्या खिडकीतली अक्षाची रेघ एकदम टोकाला जाऊन परत येते. बाकी दोन्ही अक्ष अगदी स्वच्छ आहेत. म्हणजे हे दोन वेगळे बिघाड होते. क्लीनरने झटके कमी झाले, पण थांबले नाहीत. हमी संपलेली असल्याने पोटेंशिओमीटर बदलणार आहे. तोपर्यंत पिळण्याचा अक्ष मांडणीतून काढून वळण्याचे काम थ्रॉटलवरच्या दोन बटणांना दिले आहे. राइनकाठ यांच्या सूचनेप्रमाणे थ्रॉटल शून्य, वळणे आणि फ्लाइट असिस्ट या कळा कीबोर्डवर पक्क्या केल्या आणि स्थानकापासून दूर, मोकळ्या अवकाशात, जॉयस्टिकची केबल मुद्दाम काढून सराव केला. पहिल्यांदा हात चाचपडतो. काही वेळ सराव केल्यावर न पाहता एक्सवर जातो.


सागरवारा

फार उपयोगी धागा झाला. एक शेवटची शंका आहे. माझ्याकडे लॅपटॉप आहे, यूपीएस नाही. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, पण ॲडॅप्टरचा हब बंद पडणारच. अशा वेळी काय करावे?


तारतंत्री

लॅपटॉपच्या बाबतीत ज्या उपकरणाशिवाय जहाज वाचणार नाही ते, म्हणजे जॉयस्टिक आणि थ्रॉटल, थेट लॅपटॉपच्या पोर्टांत लावा, आणि बटणांची पेटी, दिवे वगैरे हबवर ठेवा. साध्या जॉयस्टिकला फार थोडा प्रवाह लागतो, तो पोर्टातून सहज मिळतो. मोटरने हाताला उलटा जोर देणारे फोर्स फीडबॅकचे उपकरण मात्र याला अपवाद आहे. ते बहुधा स्वतःच्या ॲडॅप्टरवरच चालते आणि त्यासाठी छोटा यूपीएस घ्यावाच लागेल. उपकरणे नेहमी त्याच पोर्टांत लावत जा. ज्या उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक नसतो त्याला विंडोज पोर्टावरून ओळखते, आणि पोर्ट बदलले की ते नवेच उपकरण समजते. शिवाय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड हा, वापरात नसलेले यूएसबी उपकरण झोपवणारा, पर्याय बॅटरी आणि वीज या दोन्हींसाठी बंद करा. लॅपटॉपमध्ये वीज गेल्याबरोबर बॅटरीच्या सेटिंग लागू होतात, म्हणून एकीकडे बंद करून दुसरीकडे चालू राहिला तर उपयोग नाही.


नक्षत्रवाट (धागाकर्ता)

पोटेंशिओमीटर बदलताना तारांचा क्रम, दांड्याचे माप आणि बदलण्याआधी व नंतर अक्षाची रेघ कशी दिसते, याची छायाचित्रे इथेच टाकेन. कोणाकडे अशाच जॉयस्टिकच्या आतल्या जोडणीची छायाचित्रे असतील तर त्यांनीही टाकावीत. सोल्डरिंगला हात घालण्याआधी ती ताडून पाहता येतील.